उभ्या गाडीचा आरसा

चौतीस वर्षांच्या नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत दगडही खाल्ले. त्यातल्या बऱ्याच प्रकरणांचे तपशील आता पुसट झाले आहेत. पण इंदिरानगरात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका पांढऱ्या गाडीचा आरसा कोणी फोडला, ही चौकशी मात्र अजून जशीच्या तशी डोळ्यांसमोर आहे. "एवढ्या वर्षांत लिहिण्यासारखं हेच सापडलं का?" असे माझी बायको विचारते. हो, हेच सापडले.

आधी माझ्याविषयी थोडे सांगतो, नाहीतर पुढचे नीट कळणार नाही. पोलिसात येण्यापूर्वी मी सातपूरला एका वर्कशॉपमध्ये दीड वर्ष लेथवर काम केले. मग शिपाई म्हणून भरती झालो आणि खात्याची परीक्षा देऊन उपनिरीक्षक झालो. डोक्यावर कोणाचा हात नव्हता. थेट भरतीने आलेली पोरे माझ्यासमोर शिकली आणि माझ्या पुढे निघून गेली. मी सहायक निरीक्षक म्हणून घरी आलो. याचा राग मला आहे आणि तो लपवण्याचे काही कारण दिसत नाही. माझ्या गोपनीय अहवालात वर्षानुवर्षे एकच शेरा पडत असे: काम चांगले, बोलणे तापट.

मात्र एक गोष्ट माझे वरिष्ठही मान्य करत. तडजोड घडवावी तर मी. ठाण्यात येणारी निम्मी भांडणे गुन्ह्याची नसतात, मानाची असतात. दोघांना वेगवेगळ्या खोलीत बसवायचे. जो जास्त ओरडतो त्याला चहा द्यायचा, जो गप्प आहे त्याला ताटकळत ठेवायचे. तासाभराने दोघेही थोडे खाली येतात. मग मधला आकडा किंवा मधला शब्द आपण काढायचा आणि दोघांनाही तो आपलाच वाटेल असे करायचे. भाजी बाजारात घासाघीस करताना जे शिकलो तेच मी ठाण्यात वापरले. या हातोटीचा मला अभिमान होता. या प्रकरणात तीच अंगाशी आली.

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा होता. सकाळची हजेरी आटोपून, रात्रपाळीच्या अंमलदाराकडून स्टेशन डायरी ताब्यात घेऊन मी नुकताच बसलो होतो. एक वयस्क जोडपे आत आले. गृहस्थ सरकारी खात्यातून निवृत्त झालेले अभियंता होते. कालव्यांच्या कामावर त्यांची सारी हयात गेली होती. हातात टंकलिखित तक्रारी अर्ज होता, तीन प्रतींत. गाडी त्यांनी सोबतच आणून ठाण्याच्या आवारात लावली होती.

मी बाहेर जाऊन पाहिले. गाडी तीन आठवड्यांची. समोर बांधलेला पूजेचा हार वाळला होता, पण काढलेला नव्हता. ड्रायव्हरच्या बाजूचा आरसा तुटून वायरीला लोंबकळत होता. पुढच्या दरवाजावर कमरेच्या उंचीला एक आडवी, खोल रेघ होती आणि पत्रा आत गेला होता. आदल्या दिवशी दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, ते दोघे आत झोपलेले असताना, घरासमोर रस्त्यावर उभ्या गाडीचे हे नुकसान झाले, असे अर्जात होते. पुढे संशयिताचे नावही होते. समोरच्या घरात भाड्याने राहणारा चोवीस वर्षांचा तरुण.

"त्याच्यावरच संशय कशावरून?" मी विचारले.

"पंधरा दिवसांपूर्वी आमचं वाजलं. तो मोटारसायकल नेमकी आमच्या फाटकासमोर लावतो. मी जागा धरायला कुंड्या ठेवल्या, तर त्याने उचलून बाजूला ठेवल्या. वर मला म्हणतो, काका, रस्ता तुमच्या सातबाऱ्यावर आहे का? गाडी एवढी जपायची तर घरात घेऊन झोपा."

शेवटचे वाक्य अभियंत्यांनी मला दोनदा सांगितले. नुकसानीपेक्षा ते वाक्य त्यांना जास्त लागले होते, हे मला तेव्हाच समजले.

मुद्दाम नुकसान केल्याची अशी तक्रार साधारणपणे अदखलपात्र असते. नोंद करायची, तक्रारदाराला न्यायालयात जाण्याची समज द्यायची, एवढेच आपले काम. पण संशयिताचे नाव वाचताच मी थांबलो. ते नाव मी दोन दिवसांपूर्वीच वाचले होते. माझ्या टेबलावरच्या गठ्ठ्यात त्या तरुणाचा चारित्र्य पडताळणीचा कागद होता. एका सरकारी कार्यालयात लिपिक म्हणून त्याची निवड झाली होती. आमच्याकडून 'काही प्रतिकूल नाही' असा अहवाल गेला की त्याला हजर करून घेणार होते. त्याच्या नावावर ही नोंद पडली असती, तर ती मला अहवालात लिहावीच लागली असती. एवढ्यावरून नोकरी जात नाही, पण कागद अडकतो. आणि अडकलेला कागद सुटेपर्यंत माणसाचे वय निघून जाते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

म्हणून मी नोंद न करता अर्ज चौकशीवर ठेवला. त्यात माझा चांगुलपणा होता असे कोणी समजू नये. तडजोडीला इतका चांगला माल क्वचित मिळतो. एका बाजूला नवी गाडी, दुसऱ्या बाजूला नवी नोकरी. दोन्ही बाजूंना घाई. मी मनात म्हटले, दोन दिवसांत मिटवतो. आमच्या पोलीस निरीक्षकांनाही तेच हवे होते, कारण अभियंत्यांच्या ओळखीच्या कोणाचा तरी त्यांना फोन येऊन गेला होता.

इथे एक गोष्ट कबूल करतो. मी लेथवर काम केलेला माणूस आहे. लोखंडाने पत्र्याला दिलेला मार मला कळतो. दरवाजावरची ती रेघ दगडाची नव्हती, लाथेची नव्हती, मोटारसायकलच्या हँडलचीही नव्हती. ती सरळ होती, एका दमात ओढलेली. हे मला आवारातच दिसले होते. पण तडजोडीचे गणित डोक्यात बसले होते, म्हणून त्या रेघेकडे मी पुन्हा पाहिले नाही.

दुपारी हवालदाराला घेऊन जागेवर गेलो. गल्लीच्या कोपऱ्यावर औषधांचे दुकान होते आणि त्यावर कॅमेरा. दुकानदाराला चित्रीकरण मागितले. तो म्हणाला, "साहेब, तो चालत नाही. नुसता धाक दाखवायला लावलाय." पलीकडे इस्त्रीवाला बसतो. त्याने हवालदाराच्या कानात खबर दिली की, काल जेवून परतल्यावर, तीनच्या सुमारास, समोरचा तरुण त्या गाडीपाशी वाकलेला त्याने पाहिला. काहीतरी उचलत होता.

अभियंत्यांच्या घरी जबाब लिहून घेतला. त्यांच्या पत्नीने चहा आणला आणि एका मोठ्या वाडग्यात द्राक्षे. "घ्या ना साहेब, घरचीच आहेत," त्या म्हणाल्या. नाशकात फेब्रुवारी-मार्चात कोणाच्याही घरी जा, द्राक्षे समोर येतातच, आणि बहुतेक ती विकत घेतलेली नसतात. कोणीतरी ओळखीचा बागाईतदार आणून टाकतो. ती कोठून आली, हे कोणी विचारत नाही. मीही विचारले नाही. द्राक्षे उत्तम होती. मी दोन वेळा वाडग्यात हात घातला.

संध्याकाळी त्या तरुणाला ठाण्यात बोलावले. सोबत त्याचे वडील आले. ते सातपूरच्या कारखान्यात मशिन ऑपरेटर होते. पहिली पाळी संपवून बसने उतरले ते थेट आमच्याकडे, अंगावर कंपनीचा निळा शर्ट तसाच. मी त्यांना बाहेर बाकावर बसवले. त्याच बाकावर इस्त्रीवाला जबाबासाठी थांबला होता, आणि आणखी दोघे मोबाइल हरवल्याची तक्रार घेऊन आले होते. माझ्या टेबलापासून बाक चार हातांवर. मधे दार नाही.

"काल दुपारी तीनला तू गाडीपाशी होतास?"

"होतो."

"काय करत होतास?"

"काच उचलत होतो. रस्त्यावर आरशाची काच पडली होती. गल्लीत लहान मुलं अनवाणी खेळतात."

"म्हणजे आरसा आधीच फुटला होता?"

"हो."

"मग बेल वाजवून त्यांना सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर काय झालं असतं? आत्ता जे झालं तेच एक दिवस आधी झालं असतं."

उत्तर खरे होते, म्हणूनच ते मला उद्धट वाटले. माझा आवाज चढला. "दुसऱ्याची काच उचलायला तू समाजसेवक आहेस का? सरकारी नोकरीला निघालास आणि लक्षणं ही. त्या बापाकडे बघ. पाळी करून दमून आलाय आणि तुझ्यापायी पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलाय. लाज आहे का काही?" याहून थोडे अधिकही बोललो. ते इथे लिहीत नाही. बाकावरचे चौघेही ऐकत होते.

मग मी खुर्ची पुढे ओढली, आवाज खाली आणला. हे माझे नेहमीचे तंत्र. "हे बघ. मोटारसायकल काढताना चुकून धक्का लागला, एवढं लिहून दे. मुद्दाम केलं असं कोणी म्हणणार नाही. आरशाचा खर्च देऊन टाक. अर्ज मागे घ्यायला लावणं माझ्याकडे लागलं. तुझा पडताळणीचा कागद उद्या निघेल. एका ओळीचं काम आहे."

"पण मी केलंच नाही."

"केलं-नाही केलं सोड. नोकरी पाहिजे ना?"

"पाहिजे. पण खोटं लिहून सुरुवात करायची नाही."

मी वडिलांना आत बोलावले. मनात म्हटले, म्हातारा माणूस व्यवहार समजेल. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला. "साहेब, हा लिहून दिलेला कागद कुठं राहील?"

"अर्जाला जोडून."

"म्हणजे इथंच, ठाण्यात."

"हो."

"मग उद्या तो खराच होईल की. आम्ही मेलो तरी तो कागद बोलत राहील." त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. "नाही लिहायचं, साहेब. तुम्हाला काय नोंद घ्यायची ती घ्या."

मी त्यांना दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मुदत दिली. ते गेल्यावर हवालदार कपाटाला कुलूप घालता घालता म्हणाला, "साहेब, हे गिऱ्हाईक बाजारात आलंच नाही. तुम्ही भाव सांगत बसलात." मी त्याच्यावरही ओरडलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा अभियंत्यांकडे गेलो. आता त्यांना थोडे खाली आणायचे, असा विचार होता. पुन्हा चहा. पुन्हा वाडगाभर द्राक्षे.

"घ्या हो साहेब," त्यांच्या पत्नी म्हणाल्या. "दोघं माणसं किती खाणार? अर्धं कॅरेट अजून तसंच आहे."

माझा हात वाडग्यातच थांबला. द्राक्षे मी दरवर्षी पिंपळगावच्या बागाईतदाराकडून थेट आणतो आणि दर वर्षी भांडून आणतो. शेतकऱ्याची एक गोष्ट मला पक्की ठाऊक आहे. तो भावात सूट देईल, वर दोन घड जास्त टाकील, पण माल वाहायचे प्लास्टिकचे रिकामे कॅरेट सोडणार नाही. ओळखीच्या माणसाकडेही तो द्राक्षे पाटीत ओततो आणि कॅरेट परत नेतो. एकदा मी म्हटले, उद्या आणून देतो. त्याने मला तोंडावर सांगितले, "साहेब, बायको माहेरी ठेवीन, कॅरेट नाय ठेवायचं."

"कॅरेटच ठेवून गेला? कोण आला होता?" मी विचारले.

अभियंता म्हणाले, "आमचे जुने लोक असतात. कालव्याच्या वेळचे. दर वर्षी कोणी ना कोणी ठेवून जातं. परवा आम्ही झोपून उठलो तर फाटकाच्या आत पायरीवर होतं."

"परवा म्हणजे गाडी फुटली त्या दुपारी?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिले.

"कॅरेट दाखवा."

स्वयंपाकघराच्या मागच्या ओट्यावर ते ठेवले होते. निळे, प्लास्टिकचे. अंगावर तैलरंगाने, बाजारात हरवू नये म्हणून घालतात तशी, मोठी अक्षरे होती. मालकाची आद्याक्षरे, खाली 'सायखेडा', त्याखाली दहा आकडी मोबाइल नंबर. ती बाजू भिंतीकडे होती. अभियंत्यांच्या पत्नीने ते तसे ठेवले होते, कारण रंग घाण दिसत होता.

मी तिथूनच फोन लावला. पोलीस ठाण्यातून बोलतोय, एवढेच म्हणालो.

"हां साहेब, बोला. गाडीचं ना?" पलीकडून आवाज आला. "मी दोन दिस झाले फोनची वाटच पाहतोय. मला वाटलं मालक गावाला गेलं का काय."

दीड तासात तो ठाण्यात हजर झाला. पन्नाशीचा, अंगाने दणकट, पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी. त्याचा पिकअपही सोबत होता. मी आधी बाहेर जाऊन मागचा फाळका पाडायला लावला. फाळक्याची लोखंडी कड आणि दरवाजावरची रेघ एकाच उंचीला होती. कडेला पांढरा रंग लागलेला होता. हे मी पहिल्याच दिवशी शोधायला हवे होते.

अभियंता आणि त्यांच्या पत्नीलाही बोलावले होते. त्या शेतकऱ्याने जबाब दिला तो सरळ होता. इंदिरानगरात तो घरोघर द्राक्षे विकत होता. फाळका उघडाच होता. गल्लीत वळायला जागा नव्हती म्हणून मागे घेतला आणि गाडीला लागला.

"मग थांबला का नाहीस?" मी विचारले.

"थांबलो ना साहेब. अर्धा तास थांबलो. तीनदा बेल वाजवली. शेजारीपाजारी बी कोन उघडंना. दुपारचं समदं झोपलेलं. मला पुढं दोन गिऱ्हाईकांकडं माल द्यायचा व्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी परत आलो तर गाडी बी नाय आन् फाटकाला कुलूप."

त्या सकाळी अभियंता पत्नी आणि गाडी दोन्ही घेऊन आमच्याकडे तक्रार द्यायला आले होते.

"चिठ्ठी लिहायची होतीस."

"पेन नव्हता. आन् चिठ्ठी उडून जाती. मी भरलेलं कॅरेटच ठिवलं. त्याच्यावर नाव हाय, गाव हाय, नंबर हाय. कॅरेट ठिवलं म्हंजे मानूस परत येनार, हे आमच्याकडं कोनालाबी कळतं."

अभियंता खाली पाहत होते. शेतकरी त्यांच्याकडे वळला. "द्राक्षं गोड व्हती ना काका?"

"गोड होती," ते म्हणाले.

"मग खाल्ली कोनाची, एवढं तरी वाचायाचं."

हवालदार खोकत बाहेर गेला. मी हसलो नाही. खाणाऱ्यांत मीही होतो.

त्यानंतर माझ्या टेबलासमोर जी घासाघीस झाली, तशी मी आयुष्यात पाहिलेली नाही. शेतकरी म्हणे, भरून देतो. अभियंता म्हणत, विमा आहे, काही नको. शेतकरी म्हणे, विमा तुमचा हाय, चूक माझी हाय. अभियंता म्हणत, आम्ही तुमचं अर्धं कॅरेट खाल्लं. तो म्हणे, ते द्राक्षाचं झालं, आरशाचं ऱ्हायलं. दोन्ही बाजू उलट्या दिशेने ओढत होत्या आणि माझ्यासारख्या दलालाला मधे जागाच नव्हती. शेवटी आरसा शेतकऱ्याने बसवून द्यायचा आणि पत्रा विम्यातून काढायचा असे त्यांनी आपसांतच ठरवले. अभियंत्यांनी अर्ज मागे घेत असल्याचे लिहून दिले. शेतकऱ्याने जाताना उरलेली द्राक्षे पिशवीत ओतून घ्यायला सांगितली आणि कॅरेट मागून घेतले.

त्याच दिवशी मी त्या तरुणाच्या पडताळणीवर 'काही प्रतिकूल नाही' असे लिहून सही केली. संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. वडिलांनी दारातच "जय भीम साहेब, या" म्हटले. दोन खोल्यांचे घर, भिंतीला लागून पुस्तकांची रॅक, एका खिळ्यावर इस्त्री केलेला नवा शर्ट. तो त्याने हजर व्हायच्या दिवसासाठी ठेवला असावा.

मी झालेले सगळे सांगितले. कागद गेला, काळजी करू नका, असे म्हटले. मग घसा खाकरून म्हणालो, "माझं जरा चुकलं. मनावर घेऊ नका."

वडिलांनी मान हलवली. मुलगा मात्र म्हणाला, "साहेब, काल बाकावर माझ्या वडिलांशिवाय तीन माणसं होती. इस्त्रीवाले काका रोज मला बघतात. ते आता म्हणत असतील, पोरगं सुटलं. तुमचं चुकलं, हे त्यांना कोण सांगणार?"

"अरे, कागद स्वच्छ दिला ना. अजून काय पाहिजे?"

"कागद माझाच होता, साहेब. तो तुम्ही दिलेला नाही."

मी उठलो. चहा न घेता निघालो. रागच आला होता. एवढ्या वर्षांच्या माणसाने घरी येऊन चुकलं म्हटले, तर हा वर आणखी मागतो. इंदिरानगरच्या बोगद्यापाशी वाहनांची रांग अडकली होती. मोटारसायकलवर बसून मी चडफडत राहिलो, आणि तिथेच हिशेब कळला. मी ओरडलो होतो चार माणसांत आणि चूक कबूल करत होतो चार भिंतींत. इथेही मी घासाघीसच करत होतो. माल मोठा नेला होता, किंमत लहान देऊ पाहत होतो. त्या शेतकऱ्याला कोणी पाहिलेले नव्हते. तो सहज निघून जाऊ शकत होता. तरी त्याने आपले नाव दुसऱ्याच्या पायरीवर ठेवले. मला तर सगळ्यांनी पाहिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीच्या वेळी मी बापलेकांना बोलावले. इस्त्रीवाल्यालाही हवालदाराकरवी आणले. मोबाइल हरवलेले ते दोघे मात्र मिळाले नाहीत. सगळा स्टाफ उभा होता. मी म्हणालो, "या मुलाने गाडीला हात लावलेला नव्हता. लहान मुलांना लागू नये म्हणून त्याने काच उचलली. मी पुरावा न पाहता त्याला दोषी धरलं, त्याच्याकडून खोटं लिहून घ्यायचा प्रयत्न केला आणि त्याच्या वडिलांसमोर नको ते बोललो. चूक माझी आहे." हवालदाराला हेच शब्द स्टेशन डायरीत घ्यायला सांगितले. त्याने एकदा माझ्याकडे पाहिले आणि लिहिले.

तरुण म्हणाला, "ठीक आहे, साहेब." बस, एवढेच. वडिलांनी घड्याळ पाहिले. "मी निघू का? दोन तासांचीच सवलत घेतलीय, सातपूरची बस जाईल." इस्त्रीवाला त्यांच्यासोबत गेला. तिघे फाटकातून बाहेर पडताना काहीतरी बोलत होते आणि इस्त्रीवाल्याने कानाला हात लावलेला मी पाहिला.

त्या नोंदीबद्दल निरीक्षकांनी मला ज्ञापन दिले. शासकीय अभिलेखात वैयक्तिक स्वरूपाचा मजकूर का घेतला, खुलासा करावा. मी खुलासा केला. तो असमाधानकारक ठरला आणि माझ्या सेवापटात लेखी समज लागली. पुढच्या वर्षी बढतीची यादी निघाली तेव्हा त्यात माझे नाव नव्हते. या समजेमुळेच नव्हते असे मी सिद्ध करू शकत नाही, पण मानतो. पुढे आरोपी पळून गेले म्हणून इतरांना जेवढी समज मिळाली, तेवढीच मला खरे लिहिल्याबद्दल मिळाली. याचा राग माझ्याबरोबरच जाईल.

पण ती नोंद खोडावी असे मला कधी वाटले नाही. त्यानंतरही मी शेकडो तडजोडी केल्या आणि चांगल्या केल्या. मात्र एक नियम पाळला. खर्च वाटून देता येतो, जागा वाटून देता येते, माघारसुद्धा निम्मी-निम्मी घेता येते. चूक तशी वाटता येत नाही. ती ज्याची असेल त्याच्याच नावावर लागली पाहिजे, आणि ज्याची नसेल त्याला ती स्वस्तात विकायची नसते. हे शिकायला मला नोकरीची सव्वीस वर्षे लागली. शिकवणाऱ्यांत एक द्राक्षे विकणारा होता, एक मशिन ऑपरेटर आणि एक बिनपगारी उमेदवार.

मागच्या वर्षी एका दाखल्यासाठी मला सरकारी कार्यालयात जावे लागले. रांगेत उभा राहिलो. खिडकीशी पोहोचलो तर आत तोच बसलेला. आता चष्मा लागला आहे, थोडा जाड झाला आहे. त्याने मला ओळखले, मान लववली, अर्ज हातात घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला आणि परत दिला.

"साहेब, इथं सही राहिलीय. आणि हा रकाना रिकामा आहे. भरून आणा, परत रांगेत यायची गरज नाही."

मी बाकावर बसलो आणि रकाना भरला. चिडलो नाही. अगदी थोडा चिडलो असेन. दाखला मला माझ्या नंबराने, ठरलेल्या दिवशी मिळाला.